कवितेचं कॉमिक कसं करावं: ‘औदुंबर’च्या आठ ओळी घेऊन

कवितेखाली चित्र काढलं की कॉमिक होत नाही. ओळीत झरा, चित्रातही तोच झरा, अशी चित्रं आपण पाठ्यपुस्तकात भरपूर पाहिली आहेत. कॉमिकमध्ये शब्द एक सांगतो, चित्र वेगळंच दाखवतं आणि दोन्ही वाचणाऱ्याच्या मनात जुळतात. हे करून बघायला बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. आठच ओळी, आणि पुष्कळांना तोंडपाठ. (आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कविता स्वामित्वहक्कातून मोकळी होते; बालकवी १९१८ साली गेले. हयात कवीची कविता घ्यायची असेल तर आधी परवानगी मागा.)

१. आधी मोठ्याने म्हणा. श्वास जिथे थांबतो तिथे पेन्सिलीने रेघ मारा. नजर कशी सरकते तेही लिहून ठेवा: झरा, पैल टेकडीकडचं गाव, मळे, पायवाट, डोह, झाड. लांबवर हिंडून ती शेवटी एका जागी येऊन बसते.

२. चौकटी पाडा. एका ओळीला एक चौकट, असा हिशेब नको. गाव आणि मळे एकाच चौकटीत मावतात. पायवाटेला मात्र तीन द्या. ती ‘अडवीतिडवी’ आहे, म्हणून पहिल्या चौकटीतून निघून, मधली कोरी पट्टी ओलांडून दुसरीत आणि तिथून तिसरीत उतरू दे. कवितेत ती पांढरी आहे. रंगवू नका, कागद तसाच सोडा. पट्टीही कोरीच असल्याने वाट तिच्यात मिसळते आणि तेवढं अंतर वाचणारा स्वतः चालतो. ओळ संपल्यावर कवितेत जो थांबा पडतो, त्याचं काम इथे ही पट्टी करते.

३. शब्दाने केलेलं काम चित्राकडून पुन्हा करून घेऊ नका. खरी कसोटी इथे आहे. ‘पाय टाकुनी जळात बसला’ वाचलं की झाडाला पाय, चेहरा काढायचा मोह होतो. मीही पहिल्यांदा दाढी-जटा असलेला म्हातारा काढला होता, आणि कविता तिथेच संपली. झाड झाडच राहू द्या. मुळं पाण्यात उतरलेली दाखवा आणि शेजारी ‘पाय’ हा शब्द येऊ द्या. मुळांचे पाय वाचणारा करतो, आणि ते त्याला तुमच्या चित्रापेक्षा जास्त काळ दिसत राहतात. उलट ‘गोड काळिमा’तला गोडवा काढून दाखवता येत नाही. तो शब्दावर सोपवा. चित्राने फक्त सावली धरावी.

४. अक्षरं हाताने लिहा. देवनागरीची शिरोरेषा ही चित्रातलीच एक रेघ समजा. शेवटच्या चौकटीत ती लांबवून पाण्याची पातळी करा, म्हणजे अक्षरं तिच्याखाली मुळांसारखी लोंबतील. ही चौकट पानभर रुंद ठेवा, नजर तिथे रेंगाळली पाहिजे.

५. कविता न वाचलेल्या माणसाच्या हातात पान द्या आणि गप्प बसा. ‘असला औदुंबर’पाशी येऊन तो “असला म्हणजे कसला?” असं पुटपुटत पुन्हा झाडाकडे बघायला लागला, तर त्या चौकटीत आता एकही रेघ वाढवू नका.