काइट फॉइलवर वळताना आधी काइट, मग बोर्ड

काइट फॉइलिंगमध्ये मोठा पतंग (काइट) तुम्हाला पाण्यावरून ओढतो आणि बोर्डाखाली पाण्यात बुडालेला पंख (फॉइल) बोर्डाला पाण्याच्या वर उचलून धरतो. फॉइलवर दिशा बदलताना बहुतेक जण बोर्ड आधी वळवतात आणि तिथेच फसतात. फॉइलला पाण्याचा अडथळा फार कमी. वारा पाठीशी आला की तुम्ही थेट काइटकडे धावत सुटता, दोऱ्या सैल पडतात, ओढ संपते. म्हणून आधी काइट डोक्यावर आणा. तो १२ वाजताची जागा (म्हणजे थेट डोक्यावरची) ओलांडून नव्या बाजूला झुकू लागला की मगच टाचांवरचं वजन हळूहळू चवड्यांवर घ्या. काइट वर असताना तो तुम्हाला उचलतो आणि फॉइल पाण्याबाहेर यायला बघतो. नेमकं तेव्हा पुढच्या पायावर जरा जास्त भार द्या, गुडघे सैल ठेवा. नजर पायांकडे नको, जायचंय तिकडे हवी. मान वळली की खांदे आणि कंबर मागोमाग येतात.

वळल्यावर पायांची जागा (पुढचा मागे, मागचा पुढे) लगेच बदलू नका. तसंच चवड्यांवर थोडं अंतर जा, वेग स्थिरावू द्या. सुरुवातीला वळणात बोर्ड मुद्दाम पाण्याला टेकवला तरी चालतं, उलट मी तेच सुचवेन. तोल जातोय असं वाटलं तर फॉइलपासून लांब पडा. हेल्मेट हवंच.