इंजिन बदलल्यावर गरम गाडी स्टार्ट होत नव्हती: दोष अर्थिंगचा निघाला

माझ्या विलीज जीपचं मूळ २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. सकाळी गाडी एका सेलमध्ये (स्टार्टर एकदाच फिरवून) सुरू व्हायची. तासभर चालवून बंद केली की स्टार्टर दोन आचके देऊन थांबायचा. बॅटरी नवी घेतली, स्टार्टरचे कार्बन ब्रश बदलले, सोलेनॉइडही (स्टार्टरला करंट देणारा स्विच) बदलला. तीन महिने उतार बघूनच गाडी लावत होतो.

खरी खूण वेगळीच होती: सेल मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला चटका देत होती. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे त्याला चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, आपोआप मिळत नाही. जुन्या इंजिनाची अर्थपट्टी परत लावायची राहून गेली होती आणि स्टार्टरचा करंट त्या बारीक केबलमधून परतत होता.

आधी मोजून बघा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. ०.५ व्होल्टच्या आत हवं, माझं २.४ आलं.

मग बॅटरीचा निगेटिव्ह काढला. स्टार्टरच्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत खरवडला. तिथून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ३५ चौरस मिमीची तांब्याची केबल टाकली, टोकांना लग (धातूच्या कड्या) दाबून क्रिम्प केलेले, खाली स्टार (दातेरी) वॉशर. त्याच बोल्टवरून दुसरी पट्टी चासीला, तिथलाही रंग खरवडून. बोल्ट आवळल्यावरच वरून व्हॅसलीन लावलं, आधी नाही. शेवटी निगेटिव्ह जोडला.

आता ०.१८ व्होल्ट येतात. केबल थंड, आणि गरम इंजिन पहिल्याच सेलला सुरू होतं.