ॲप टाकलं पण मेनूत दिसत नाही? आधी हे बघा

लिनक्सवर ॲप टाकलं, टर्मिनलमधून व्यवस्थित चालतंय, पण मेनूत येतच नाही. अशावेळी बरेचजण ॲप काढून परत टाकतात, त्याने बहुतेक वेळा काही होत नाही. मेनू काही प्रोग्रॅम शोधत फिरत नाही, तो फक्त .डेस्कटॉप नावाच्या छोट्या टेक्स्ट फाइली वाचतो, म्हणून आधी ती फाइल कुठेय ते बघायचं.

एपीटी किंवा डीएनएफने (म्हणजे लिनक्ससोबत येणाऱ्या पॅकेज टाकायच्या कमांडने) टाकलं असेल तर ती /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स मधे असते. फ्लॅटपॅकची (वेगवेगळ्या लिनक्सवर तेच ॲप चालवायची एक पद्धत) सहसा असते /व्हार/लिब/फ्लॅटपॅक/एक्सपोर्ट्स/शेअर/ॲप्लिकेशन्स मधे, आणि हा पत्ता डेस्कटॉपला लॉगिनच्या वेळीच कळतो, त्यामुळे फ्लॅटपॅक पहिल्यांदाच बसवलं असेल तर एकदा लॉगआउट करून परत या, बास. ॲपइमेज (एकाच फाइलमधे असलेलं, न बसवता चालणारं ॲप) मात्र स्वतःहून कुठेच फाइल टाकत नाही, तिची आपणच होम फोल्डरमधल्या .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मधे बनवायची. त्यात टाइप, नेम आणि एक्झेक (कुठला प्रोग्रॅम चालवायचा ते) या ओळी हव्यातच, एक्झेकमधे पूर्ण पाथ द्या, होमसाठी ~ लिहिलं तर चालत नाही. मग डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट चालवून बघा, लिहिण्यात चूक असेल तर सांगतं.

अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस चालवा असं सगळीकडे सांगतात, पण ती कमांड कुठल्या प्रकारची फाइल कुठल्या ॲपमधे उघडायची एवढीच यादी बनवते, आणि डेबियन-उबुंटूत पॅकेज टाकलं की ती आपोआप चालते पण. केडीई नावाच्या डेस्कटॉपवर मेनू अडकला असेल तर केबिल्डसायकोका६ चालवा, त्याचा खरंच उपयोग होतो.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट. होममधली आणि सिस्टिममधली फाइल एकाच नावाची असेल तर होममधली जिंकते. मी एकदा आयकॉन बदलायला म्हणून एका एडिटरची फाइल होममधे कॉपी केली होती आणि विसरून गेलो, पुढे अपडेटमधे प्रोग्रॅमचा पाथ बदलला, माझ्या कॉपीत जुनाच राहिला, आणि जीनोमला (माझ्या डेस्कटॉपला) एक्झेकमधला प्रोग्रॅम सापडला नाही की तो ती एंट्री दाखवतच नाही, एररसुद्धा येत नाही. दोन संध्याकाळी गेल्या यात. ती कॉपी उडवली आणि ॲप लगेच मेनूत आलं, रीस्टार्टही लागला नाही.

हेही नसेल तर फाइल उघडून नोडिस्प्ले=ट्रू किंवा तुमच्या डेस्कटॉपचं नाव नसलेली ओन्लीशोइन अशी ओळ आहे का बघा, ती असली तर सहसा ॲप किंवा पॅकेज बनवणाऱ्यानेच ते ॲप तुमच्या मेनूपासून लपवलेलं असतं.