सप्लिमेंटचा पसारा टेबलावर कसा आवरावा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र रंगवत आणि फासे टाकत खेळायचा गेम, खेळायला लागून सहा-आठ महिने झाले की एक प्रश्न हमखास पडतो: मूळ नियमपुस्तक झालं, आता पुढचं सप्लिमेंट, म्हणजे पुरवणीचं पुस्तक, कुठलं घ्यायचं? नवे क्लास (लढवय्या, चोर असे पात्रांचे प्रकार), नवे मंत्र, नवे राक्षस, नवी जगं. एकेका गेमची पुस्तकं एक अख्खा कप्पा भरतील इतकी आहेत.

मी स्वतः या मोहात पुरता फसलो होतो. एका कॅम्पेनच्या (अनेक बैठका चालणाऱ्या कथेच्या) सुरुवातीला गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून ऐटीत सांगून बसलो, "कुठलंही पुस्तक चालेल." पाच खेळाडू, सहा सप्लिमेंट. चार लांडग्यांशी झालेल्या साध्या मारामारीत सगळी संध्याकाळ गेली, कारण दर खेळीला कुणीतरी पान शोधत होतं आणि लांडगे बिचारे ताटकळत उभे.

हा पसारा आजचा नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच गेम १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांत आला आणि १९७५ मध्ये ग्रेहॉक ही पहिली पुरवणी हजर झाली. आज ज्याच्याशिवाय टोळी पूर्ण वाटत नाही तो चोर मूळ पुस्तिकांत नव्हता. तो या पुरवणीतून आला. कुलूप उघडणं, सापळे निकामी करणं यांच्या यशाचे टक्के चोराच्या नावावर छापले गेले आणि बाकीच्यांना वाटायला लागलं, की हे आपलं कामच नाही. पुरवणी नुसती भर घालत नाही, आधी जे सगळ्यांचं होतं ते एकाच्या वाट्याला देऊन टाकते. पुस्तक निवडताना हे डोक्यात असू द्या.

पायरी १ : आधी मूळ पुस्तक झिजवा

किमान आठ-दहा सेशन फक्त मूळ पुस्तकावर खेळा. जवळ एक कागद ठेवा आणि नियम अपुरा पडला तिथे एक ओळ टिपा. "जहाजावरची लढाई कशी चालवायची?" ही गरज. "तो क्लास भारी दिसतो" हा मोह. एकच गरज तीनदा टिपली गेली, तर पुस्तक शोधायला लागा.

पायरी २ : पुस्तक कुणासाठी आहे ते ओळखा

ढोबळमानाने तीन जाती: खेळाडूंसाठी पर्याय, गेम मास्टरसाठी राक्षस आणि तक्ते, आणि एखादं जग किंवा तयार साहस. पण मुखपृष्ठावर जाऊ नका. टेबलावर गेम मास्टर एक आणि खेळाडू चार-पाच, त्यामुळे जगावरच्या पुस्तकातही खेळाडूंना ओढणारी चार पानं घातली, की गिऱ्हाईक वाढतं. ती चार पानंच पुढे सगळ्या टेबलांवर फिरतात.

उदाहरण घ्या. स्ट्रिक्सहेवन हे जादूच्या विद्यापीठावरचं २०२१ चं पुस्तक. त्यात सिल्व्हरी बार्ब्ज नावाचा पहिल्या पातळीचा मंत्र आहे. समोरच्याचा हल्ला, चाचणी किंवा बचाव यशस्वी झाला, की रिअ‍ॅक्शन म्हणून, म्हणजे आपली पाळी नसतानाही, तो टाकायचा. समोरच्याला वीस बाजूंचा फासा पुन्हा टाकावा लागतो आणि कमी आकडा धरला जातो. वर आपल्या बाजूच्या एकाला पुढचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायची सवलत, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज. पहिल्या पातळीच्या मानाने हे जरा जास्तच आहे, पण माझी खरी तक्रार वेळेची. गेम मास्टरचा फासा पडला रे पडला, की कुणीतरी हात वर करतं, "थांबा, मी टाकू का?" दहा मिनिटांत पाचदा. विद्यापीठाशी काडीचा संबंध नसलेल्या कॅम्पेनमध्येसुद्धा.

पायरी ३ : घेण्याआधी फुकटात बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम मोफत मिळतात. पाथफाइंडर या दुसऱ्या गेमचे तर बहुतेक सप्लिमेंटमधले नियमसुद्धा आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर रीतसर परवानगीने वाचता येतात. हवा तो पर्याय तिथे सापडला, तर आधी खेळून बघा. आणि एकदा स्वतःला विचारा, हे नुसतं वर्णन बदलून भागेल का? समुद्री चाच्यासाठी नवा क्लास लागत नाही. जुन्याच लढवय्याच्या हातात आखूड तलवार द्या आणि त्याला दोरखंडावर चढता येतं असं ठरवा.

पायरी ४ : टेबलाचा नियम आधीच सांगा

"मूळ पुस्तक अधिक एक" हा माझा नियम. माझ्या डोक्यातून निघालेला नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या संघटित खेळात (कंपनीच्या अधिकृत नियमांनी ठिकठिकाणी चालणाऱ्या खेळात) तो बरीच वर्षं होता. प्रत्येक खेळाडूने आपलं एक सप्लिमेंट निवडायचं. कॅरेक्टर बनवायच्या आधी हे सांगा. नंतर सांगितलं, तर भांडण ठरलेलं.

दुसरी अट: ज्याचा पर्याय, त्याची चिठ्ठी. सप्लिमेंटमधली क्षमता खेळाडूने स्वतःच्या हाताने कार्डावर उतरवायची: कधी वापरायची, काय होतं, दिवसातून किती वेळा, पान कुठलं. कार्ड नसेल तर त्या दिवशी ती क्षमता नाही. लिहिताना निम्म्या शंका आपोआप फिटतात, आणि दोन ओळींत मावत नाही असा पर्याय खेळाडू स्वतःच सोडून देतो.

पायरी ५ : तीन सेशनची मुदत

नवा पर्याय तीन सेशन तात्पुरता मान्य. मग सगळ्यांना विचारा, मजा येतेय का? फक्त एकालाच येत असेल, तर तो बदला, पण खेळाडूला कॅरेक्टर फुकटात दुरुस्त करू द्या. ऐन लढाईत पर्याय काढून घेऊ नका.

पायरी ६ : आवृत्ती तपासा

२०१४ पासूनची पाचव्या आवृत्तीची पुस्तकं २०२४ च्या नव्या नियमांसोबत चालतात. तोच मंत्र दोन्हीकडे असेल तर नवा धरायचा. त्याआधीच्या आवृत्त्यांचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

आणि आधीच घेऊन ठेवलेली पुस्तकं? ती विकायची घाई नको. एकेकातून तीनच गोष्टी काढा: एक राक्षस, एक नकाशा, नावांचा एक तक्ता. कार्डावर उतरवा, पुस्तक पुन्हा कप्प्यात ठेवा. माझी सहाही पुस्तकं अजून आहेत. टेबलावर येतात ती फक्त अठरा कार्डं, रबर बँड लावून.