बटरवर्टला पानावर अन्न कसे भरवावे

बटरवर्ट ही कीटकभक्षी वनस्पती दिसायला इतकी गरीब असते की खिडकीतली कुंडी पाहून पाहुणे तिला कोरफडीच्या नात्यातले एखादे झाड समजतात. पानावरून बोट अलगद फिरवले की मात्र तुपाचा हात लागल्यासारखा ओशट चिकटपणा जाणवतो. पिंग्विक्युला हे तिचे शास्त्रीय नावही ‘स्निग्ध’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. कासच्या पठारावर पावसाळ्यात फुलणारी सीतेची आसवे याच कुळातली. हिमालयात पिंग्विक्युला अल्पिना ही जात आढळते, पण तिला थंडी लागते. आपल्याकडे घरात टिकतात त्या मोरानेन्सिस, एसेरियाना आणि जायगँटिया यांसारख्या मेक्सिकोतील जाती, आणि पुढील सूचना त्यांच्यासाठीच आहेत.

प्रथम, भरवण्याची गरज आहे का, ते पाहावे. कुंडी उघड्या खिडकीत असेल आणि पानांवर चिलटांचे काळे ठिपके दिसत असतील, तर झाड आपले पोट आपण भरत आहे. त्याला काहीही घालू नये. डासांची जाळी लावलेली बाल्कनी किंवा बंद काचपेटी असेल, तरच हे काम आपल्याकडे येते. पानावर दवासारखे बारीक थेंब चमकत नसतील, तर आधी उजेड वाढवावा, कारण चिकटपणाच नसलेल्या पानावर ठेवलेले अन्न नुसते कुजते. (एप्रिल-मेच्या दुपारचे थेट ऊन मात्र पाने भाजून काढते.)

अन्न म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे माशांचे पापुद्र्यांचे खाद्य किंवा वाळवलेल्या लाल अळ्या, म्हणजेच ब्लडवर्म, सर्वांत सोयीचे. पापुद्रे दोन चमच्यांमध्ये रगडून त्यांची पिठीसारखी पूड करावी. स्वयंपाकघरातला खलबत्ता यासाठी वापरू नये, तो वास लवकर जात नाही. अळ्या दहा-पंधरा मिनिटे शुद्ध पाण्यात भिजवून, कागदावर टिपून, बारीक तुकडे करून घ्याव्यात. पनीर, दूध, अंडे किंवा मांसाचा तुकडा यांच्या वाटेला जाऊ नये, कारण घरातल्या हवेत ते पचण्याआधी नासतात.

आता प्रमाणाकडे वळू, कारण बहुतेक झाडे उपासाने नव्हे तर अजीर्णाने जातात. चार्ल्स डार्विनने 1875 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निरीक्षणांत वेल्समधून आलेल्या 39 पानांचा हिशेब दिला आहे: त्यांपैकी 32 पानांवर मिळून 142 कीटक सापडले, म्हणजे पानामागे साडेचारही नाहीत, आणि तेही बहुतेक अगदी चिमुकले. हा आकडा लक्षात ठेवला की हात आपोआप आवरता राहतो. तळहाताच्या मध्यात मावेल एवढ्या झाडाला एका वेळी दोन किंवा तीन पाने भरवावीत, आणि प्रत्येक पानावर खसखशीच्या चार-पाच दाण्यांपेक्षा अधिक पूड ठेवू नये. पहिल्या वर्षी मी ऐन जुलैत, हवेत इतका ओलावा असताना, मोरानेन्सिसच्या प्रत्येक पानावर एकेक अख्खी अळी मोठ्या कौतुकाने मांडली होती. तिसऱ्या दिवशी प्रत्येक अळीला कापसासारखी पांढरी बुरशी आली, आणि आठवडाभरात खालची दोन पाने तपकिरी होऊन अक्षरशः पाण्यासारखी विरघळली.

भरवताना दातकोरणीचे टोक पाण्यात बुडवून त्यावर पूड उचलावी आणि ती पानाच्या मध्यापासून थोडी बाहेर, देठाकडे नव्हे तर टोकाकडच्या अर्ध्या भागावर, पसरून टेकवावी. एकाच जागी ढीग करू नये. रोपाच्या मधल्या कोंबात कण पडू देऊ नये. तेथे बुरशी धरली तर पान नव्हे, सारे झाड जाते. सर्वांत जुनी, जमिनीला टेकलेली पाने आणि अजून उलगडत असलेली कोवळी पाने वगळावीत. अन्न कुंडीतल्या मिश्रणातही मिसळू नये. ही झाडे निकस जागी वाढणारी आहेत. त्यांना शेणखत किंवा गांडूळखत मुळांशी सोसत नाही.

यानंतर पानाकडे पाहत राहण्यात खरी मौज आहे. देठ असलेल्या ग्रंथी चिकट द्रव धरून ठेवतात, तर पानालगतच्या बिनदेठाच्या ग्रंथी पाचक रस सोडतात. म्हणून काही वेळाने पुडीभोवती छोटेसे तळे साचलेले दिसते आणि काही जातींत पानाची कडही किंचित वर वळते. काही दिवसांत ते तळे आटते आणि फक्त कोरडी पापडी उरते. रस साचण्याऐवजी पांढरे तंतू दिसले, तर ओल्या कापसाच्या काडीने अन्न तत्काळ उचलून टाकावे आणि हवा खेळती ठेवावी. सारे ठीक असेल, तर पुढचा घास दोन-तीन आठवड्यांनी, आणि तोही दुसऱ्या पानांना.

पाण्याबाबत कसूर करू नये. ऊर्ध्वपातित पाणी, पावसाचे पाणी किंवा क्षार मोजून पाहिलेले आरओचे पाणी वापरावे; बोअरचे पाणी टाळावे. घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळलेले असू शकतात, म्हणून मोजणे बरे.

हिवाळ्यात अनेक मेक्सिकन जाती मोठी चिकट पाने टाकून लहान, मांसल, दाटीवाटीच्या पानांचा गुच्छ धरतात. दातकोरणी टेकवून पाहावी: चिकटत नसेल, तर भरवणे पूर्ण थांबवावे आणि पाणीही कमी करावे. वसंतात पहिले रुंद पान पुन्हा ओशट झाले की पूड बाहेर काढावी. पानापासून तयार केलेली पिल्ले मात्र चिकट पाने धरू लागताच भरवता येतात. त्यांच्यासाठी दातकोरणीही जाड पडते. कोरड्या, मऊ ब्रशच्या टोकावर नावापुरती पूड घेऊन वरून हलकेच टिचकी मारावी.