पुरस्कारासाठी प्रवेशिका पाठवताय? या चुका टाळा

पुस्तक परीक्षकांपर्यंत पोहोचण्याआधी छाननी होते. तिथं कविता किंवा कथा कुणी वाचत नाही. आवृत्ती, वर्ष, प्रकार, वय आणि सही तपासली जाते. आपल्याकडची चांगली पुस्तकं इथंच बाद होतात याचं वाईट वाटतं, कारण चूक बहुधा पुस्तक छपाईला गेलं त्याच दिवशी झालेली असते.

श्रेयनामावलीचं पान, म्हणजे सुरुवातीला प्रकाशक, आवृत्ती आणि साल छापलेलं पान, आधी बघा. स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रथम आवृत्ती म्हणून निघालेली पुस्तकं घेतली जातात. प्रकाशन सोहळ्याची तारीख धरली जात नाही, पानावर छापलेली धरली जाते. दिवाळीत छापलेल्या पुस्तकाचा सोहळा फेब्रुवारीत होतो, लेखक पुढच्या वर्षाची वाट पाहतो आणि संधी हातची जाते. काहींनी ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ एवढंच छापलेलं असतं, साल नाहीच. ‘प्रथम आवृत्ती’, महिना आणि साल, तिन्ही हवंच. बांधणी डिसेंबरअखेर रेंगाळणार असेल तर सरळ जानेवारीत प्रकाशित करा. प्रवेशिकेच्या तयारीला अख्खं वर्ष मिळतं.

प्रकार निवडतानाही गल्लत होते. पहिल्या पुस्तकांसाठी राज्य पुरस्कारांत वेगळे विभाग आहेत: काव्याला बहिणाबाई चौधरी, कादंबरीला श्री. ना. पेंडसे, लघुकथेला ग. ल. ठोकळ, ललितगद्याला ताराबाई शिंदे यांच्या नावाचा पुरस्कार. गावाकडच्या आठवणींचं पुस्तक लघुकथेत टाकलं की ते दोन्हीकडून जातं. ‘पहिलं पुस्तक’ म्हणून पाठवताना हेही लक्षात ठेवा: कॉलेजात असताना स्वखर्चानं काढलेली ४८ पानांची कवितांची पुस्तिकाही पुस्तकच आहे. ती लपवू नका, अर्जात नमूद करा.

साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. रक्कम ५०,००० रुपये. अट अशी की पुरस्कार वर्षाच्या १ जानेवारीला वय ३५ किंवा त्याहून कमी असावं. पस्तिशी पूर्ण झाली म्हणून अनेक जण पुस्तक पाठवतच नाहीत. पण त्या तारखेला छत्तिसावा वाढदिवस झालेला नसेल तर तुम्ही पात्र आहात. टोपणनावानं लिहीत असाल तर दहावीची सनद आणि पुस्तकावरचं नाव यांचा मेळ घालणारं पत्र प्रकाशकाकडून आधीच घेऊन ठेवा.

पत्रकारांची अडचण वेगळी. शासनाच्या उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कारांत आपल्या मराठवाडा विभागाचा पुरस्कार ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंतराव भालेराव यांच्या नावानं आहे, उर्दूसाठी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा राज्यस्तरीय पुरस्कार आहे. इथं प्रवेशिका अडते ती कात्रणावर. बातमी फक्त लातूर किंवा परभणी आवृत्तीत आलेली असते, कात्रण इतकं बारीक कापलेलं की अंकाचं नाव, तारीख, पान क्रमांक काहीच उरत नाही. ‘प्रतिनिधी’ एवढंच छापलं असेल तर बातमी तुमचीच हे सांगणारा संपादकांचा दाखला लागतो. संपादक बदलले की तो मिळवताना दमछाक होते. बातमी छापून आली त्याच दिवशी पूर्ण पान जपा आणि ई-पेपरची पीडीएफ उतरवून ठेवा, दुवे पुढे चालतीलच असं नाही.

संशोधनग्रंथांबाबत आमचं मत जरा कडक आहे. प्रबंध जसाच्या तसा छापू नका. ‘संशोधनाची व्याप्ती व मर्यादा’ हे प्रकरण पदवीसाठी असतं, वाचकासाठी नव्हे. मोठा दोष संदर्भांचा. हैदराबाद संस्थानचा कारभार उर्दूतून चालायचा; त्या काळावर लिहिताना मूळ उर्दू कागद न पाहता मराठी पुस्तकांतली अवतरणं पुन्हा उचलली तर जाणता परीक्षक दहा पानांत ओळखतो. उर्दू येत नसेल तर जाणकाराकडून कागद वाचून घ्या आणि तसं स्पष्ट लिहा.

‘राज्यस्तरीय’ म्हणवणाऱ्या, पण नोंदणी शुल्क किंवा सन्मानचिन्हाचे पैसे मागणाऱ्या पुरस्कारांपासून दूर राहा. परीक्षक कोण आणि मागच्या वर्षी कोणत्या पुस्तकाला दिला, एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर पैसे भरू नका.

शेवटचं काम पोहोचवण्याचं. राज्य वाङ्मय पुरस्काराची प्रवेशिका जिल्हाधिकारी कार्यालयातही देता येते, बीड-हिंगोलीहून मुंबई गाठायची गरज नाही. पाकिटावर पुरस्काराचं नाव आणि वर्ष ठळक लिहा. टपालानं पाठवणार असाल तर स्पीड पोस्ट करा आणि मुदतीच्या निदान आठ दिवस आधी; समक्ष दिलीत तर शिक्का मारलेली पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.