फेरेटचा अ‍ॅड्रिनल आजार आणि इन्सुलिनोमा: घरी काय करायचं, व्हेटकडे कधी धावायचं

घरातला फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) तीन वर्षांपुढचा असेल तर दोन वस्तू आजच आणून ठेवा: बिनसुईच्या 1 मिलिलिटरच्या चार-पाच सिरिंजा आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. याच वयापासून पुढे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा (ही मूत्रपिंडाजवळ असते) आजार आणि इन्सुलिनोमा (स्वादुपिंडातली, रक्तातली साखर घसरवणारी गाठ) हे दोन्ही आजार दिसू लागतात. एकाच जनावराला दोन्ही होणं अजिबात विरळा नाही. त्यांतला पहिला महिनोन्‌महिने हळूहळू पुढे सरकतो, तर दुसरा तासाभरात जिवावर बेततो. म्हणून दोन्हींची लक्षणं वेगवेगळी ओळखता यायला हवीत.

अमेरिकेत दुकानात मिळणारी बहुतेक पिल्लं मोठ्या पैदास केंद्रांतून येतात आणि जेमतेम सहा आठवड्यांची असतानाच त्यांची नसबंदी झालेली असते. अ‍ॅड्रिनल आजाराचं मूळ इथेच आहे. वृषण किंवा अंडाशय काढल्यावर मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप मिळत नाही आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच हे जननग्रंथींना चेतवणारं संप्रेरक सोडतच राहते. हा सततचा मारा अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या बाह्य भागावर होतो. आधी ती ग्रंथी सुजते, मग तिच्यात गाठ होते आणि ती स्वतःच लैंगिक संप्रेरकं बनवू लागते. नसबंदी आणि पहिली लक्षणं यांत सरासरी साडेतीन वर्षं जातात, असं नेदरलँड्समधल्या अभ्यासातून दिसलं. कुत्र्यांच्या कुशिंग आजारात कॉर्टिसोल वाढतं, इथे तसं नसतं. त्यामुळे कुत्र्यांसाठीच्या कॉर्टिसोलच्या चाचण्या इथे निरुपयोगी ठरतात. फेरेट क्वचितच पाहणाऱ्या डॉक्टरांकडे जात असाल तर हा मुद्दा नम्रपणे, पण जरूर काढा.

साखर घसरते तेव्हा

इन्सुलिनोमा म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची गाठ. या गाठी बहुधा तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि एकाहून अधिक असतात. रक्तात साखर कितीही कमी असली तरी त्या इन्सुलिन सोडत राहतात. निरोगी फेरेटची साखर साधारण 90 ते 120 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. ती 70 च्या खाली गेली की संशय घ्यावा, आणि 60 च्या खाली जाऊन लक्षणंही असतील तर निदान जवळजवळ पक्कं. ब्रिटनमधल्या एककांत हेच आकडे 3.9 आणि 3.3 मिलिमोल प्रति लिटर होतात. माणसांचं ग्लुकोमीटर फेरेटचं रक्त तपासताना खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. तेव्हा घरच्या यंत्रावर 65 दिसलं म्हणून घाबरून औषध वाढवू नका. आणि आकडा बरा दिसला तरी जनावर गळून पडलं असेल तर आकड्यावर विसंबून राहू नका.

सुरुवातीची लक्षणं सहज नजरेतून निसटतात. खेळता खेळता मधेच थांबून शून्यात बघत राहणं. मागचे पाय ओढत चालणं. तोंडाला पंजे मारणं, जणू दातात काही अडकलंय. लाळ गळणं. यातलं तोंडाला पंजे मारणं म्हणजे मळमळीची खूण. पुष्कळ लोक ती दातदुखी समजतात. मागच्या पायांची कमजोरी हृदयविकार, रक्तक्षय किंवा मणक्याच्या दुखण्यातही दिसते, म्हणून रक्त तपासल्याशिवाय ठरवून टाकू नये.

झोपेबद्दल एक खुलासा. निरोगी फेरेटही इतका गाढ झोपतो की नवख्याला तो गेला असं वाटावं. पण तो उबदार असतो, हिरड्या गुलाबी असतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत जाग आली की तरतरीत होतो. साखर घसरलेला फेरेट डोळे उघडतो, पण नजर तुमच्यावर ठरत नाही. अंग सैल आणि गार लागतं, लाळ गळत असते.

अशा वेळी हा क्रम पाळा:

1. कापसाच्या काडीवर मध किंवा कॉर्न सिरप घेऊन हिरड्यांवर चोळा. बोट तोंडात घालू नका. झटक्यात जबडा आवळला तर कडकडून चावा बसतो. सिरपच्या बाटलीवर झायलिटॉल लिहिलेलं नाही, हे आधीच पाहून ठेवलेलं असावं. ते साखर आणखी खाली ओढू शकतं.
2. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतू नका. पातळ पदार्थ फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो.
3. तो शुद्धीवर आला, मान उचलून गिळू लागला, की लगेच मांसाचं पातळ अन्न भरवा. ही पायरी सर्वाधिक चुकते. साखर मिळताच गाठी आणखी इन्सुलिन सोडतात आणि अर्ध्या-एक तासात साखर पुन्हा कोसळते. प्रथिनं आणि चरबी पोटात गेली तरच ती टिकते.
4. पाच मिनिटांत फरक पडला नाही, किंवा झटके थांबले नाहीत, तर हिरड्यांना मध लावत लावतच तातडीच्या व्हेटकडे निघा. फरक पडला तरी त्याच दिवशी फोन करा. औषधाची मात्रा बदलावी लागेल.

औषध मोजताना

पहिलं औषध प्रेडनिसोलोन. हे स्टेरॉइड यकृताला साखर बनवायला लावतं. सुरुवात बहुधा किलोमागे 0.25 ते 0.5 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, अशी होते. महिन्यांगणिक गाठी वाढतात तशी मात्राही वाढवत नेतात, कधीकधी किलोमागे 2 मिलिग्रॅमपर्यंत. मात्रा डॉक्टरच ठरवतील. तुमचं काम आहे ती बिनचूक मोजण्याचं, आणि घात नेमका इथेच होतो. औषधाच्या दुकानात या सिरपच्या दोन ताकदी मिळतात: 5 मिलिलिटरमध्ये 5 मिलिग्रॅम आणि 5 मिलिलिटरमध्ये 15 मिलिग्रॅम. एक किलोच्या फेरेटला 0.5 मिलिग्रॅम द्यायचं असेल तर पहिल्या बाटलीतून 0.5 मिलिलिटर लागतं, दुसरीतून जेमतेम 0.17. नवी बाटली आणली आणि जुन्याच सवयीने सिरिंज भरली, तर तिप्पट औषध पोटात जातं. प्रत्येक नव्या बाटलीवर मार्करने ‘1 मिलिलिटरमध्ये इतके मिलिग्रॅम’ असं ठळक लिहा. सिरप साखर आणि अल्कोहोल नसलेलं मागा. आणि नाव नीट वाचा: प्रेडनिसोन वेगळं. त्याचं यकृतात आधी रूपांतर व्हावं लागतं, म्हणून फेरेटसाठी प्रेडनिसोलोनच पसंत करतात.

हे औषध अचानक बंद करू नका. त्याच्यासोबत मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामकं देऊ नका, जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो. इबुप्रोफेन तर फेरेटला विषच आहे. विष्ठा डांबरासारखी काळी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रेडनिसोलोन पुरेनासं झालं की डायझॉक्साइड जोडतात. ते गाठींतून इन्सुलिन बाहेर पडू देत नाही. किलोमागे 5 मिलिग्रॅमपासून, दिवसातून दोनदा, अशी सुरुवात होते. त्याचं सिरप 1 मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम इतकं तीव्र असतं, म्हणजे एक किलोच्या जनावराला 0.1 मिलिलिटर. बाटली जोरात हलवल्याशिवाय ओढू नका, कारण औषध तळाशी बसतं. पोट बिघडतं म्हणून अन्नाबरोबरच द्या. औषध महाग आहे, हे आधीच लक्षात घेऊन ठेवा.

शस्त्रक्रियेत दिसणाऱ्या गाठी किंवा स्वादुपिंडाचा काही भाग काढतात. तब्येत चांगली असलेल्या तरुण फेरेटसाठी हा पर्याय जरूर विचारात घ्यावा. त्याने बरेच महिने चांगले मिळतात. पण न दिसणाऱ्या गाठी मागे राहतात आणि आजार बहुधा परत येतो. या आजारातून पूर्ण सुटका झाली, असं कुणी सांगत असेल तर सावध राहा.

पोटात काय आणि केव्हा

फेरेट दिसायला मुंगसासारखा असला तरी कुळ पाणमांजराचं, आणि निव्वळ मांसाहारी. खाल्लेलं तीन-चार तासांत आतड्यातून बाहेर पडतं. शाकाहारी मराठी घरात वाढणाऱ्या फेरेटला प्रेमाने दूध-पोळी, केळं, मनुका, बिस्किटाचा तुकडा मिळतो. इन्सुलिनोमा असलेल्याला यातलं काहीच देऊ नका, निरोगी असला तरी नकोच. मांस हाताळणं नको वाटत असेल तर डबाबंद किंवा सुकवलेलं मांसाहारी अन्न मिळतं. ती सोय होणार नसेल तर हा प्राणी घरी न आणणंच बरं. कोरडं अन्न निवडताना प्रथिनं 35 ते 40 टक्के, चरबी 20 टक्क्यांच्या आसपास आणि पहिले दोन-तीन घटक मांसाचे असावेत. मका, वाटाणा, बटाटा वरच्या ओळीत दिसला तर पाकीट परत ठेवा.

दोन जेवणांत चार तासांहून जास्त अंतर नको, रात्रीसुद्धा. झोपायच्या जागेपासून हातभर अंतरावर वाटी ठेवा. अशक्त जनावर खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाण्याऐवजी उपाशी झोपून राहतं. तुम्ही झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर त्याला जागं करून चाटवा.

त्यासाठी घट्ट सूप करून ठेवा. कातडीसकट चिकनची मांडी हाडं काढून 100 ग्रॅम आणि एक छोटी काळीज-पेटी 150 मिलिलिटर पाण्यात शिजवा आणि त्याच पाण्यात गुळगुळीत वाटा. मीठ, कांदा, लसूण, हळद काही नाही. बर्फाच्या साच्यात गोठवा. लागेल तशी वडी काढून कोमट करा. आजारी असताना एक किलोच्या फेरेटला एका वेळी 8 ते 10 मिलिलिटर, सिरिंजने गालाच्या बाजूने, अर्धा-अर्धा मिलिलिटर करत. हे सूप जोडीला द्यायचं आहे, त्यावर महिनोन्‌महिने ठेवलं तर कॅल्शियम कमी पडेल.

शेपटीपासून सुरू होणारी केसगळती

अ‍ॅड्रिनल आजारात केस शेपटीच्या मुळापासून जायला लागतात आणि दोन्ही कुशींवर सारखेच विरळ होत वर सरकतात. नुसत्या शेपटीवरचे केस ऋतू बदलताना गळून परतही येतात. तेवढ्यावरून आजार धरू नये. खाज, कातडी पातळ होणं, पाठीचे स्नायू झिजणं, नसबंदी झालेल्या मादीचं योनिमुख सुजणं, नराने पुन्हा इतरांच्या मानेला पकडून ओढायला लागणं, या खुणा एकत्र आल्या की शंका उरत नाही. इस्ट्रोजेन फार काळ वाढलेलं राहिलं तर अस्थिमज्जा दबते आणि रक्तक्षय होतो, म्हणून हिरड्या पांढुरक्या होताहेत का ते बघत राहा. निदानासाठी सोनोग्राफी, आणि तीन लैंगिक संप्रेरकांची रक्तचाचणी. 

नराच्या बाबतीत एक खूण सगळ्यांत आधी पाहायची. वाढलेली प्रोस्टेट मूत्रमार्ग दाबते. तो कोपऱ्यात वारंवार बसून कुंथत असेल, थेंबच येत असतील, ओरडत असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी करू नका, मूत्राशय फुटू शकतं.

नेहमीचा उपचार म्हणजे डेस्लोरेलिनचं रोपण, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली, मायक्रोचिपसारखं. अमेरिकेत 4.7 मिलिग्रॅमचं सुप्रेलोरिन एफ मिळतं. ते बहुधा वर्ष-दीड वर्ष पुरतं. युरोपात 9.4 मिलिग्रॅमचंही आहे, ते जास्त टिकतं. पहिले एक-दोन आठवडे लक्षणं उलट वाढू शकतात, कारण औषध सुरुवातीला पिट्युटरीला चेतवतं आणि मगच गप्प करतं. लघवी अडत असलेल्या नराला हा काळ धोक्याचा असतो, त्याला देखरेखीखाली ठेवावं लागतं. सूज दोन आठवड्यांत उतरू लागते. केसांना सहा आठवडे किंवा अधिक द्या. रोपणाची तारीख लिहून ठेवा आणि वर्ष होत आलं की दर आठवड्याला शेपटीचं मूळ बोटाने चाचपा. असर ओसरला की पहिली खूण तिथेच उमटते.

रोपण संप्रेरकं थांबवतं, गाठ विरघळवत नाही, म्हणून सोनोग्राफी अधूनमधून करावीच. गाठ काढायची झाली तर डावी ग्रंथी तुलनेने सोपी. उजवी मोठ्या शिरेला चिकटलेली असते, तिच्यासाठी अनुभवी हात हवा. दिव्यांमुळे लांबणारा दिवसही एलएच वाढवतो. पिंजऱ्याला रोज 12 ते 14 तास खरा अंधार मिळू द्या. दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालत असेल तर पिंजरा तिथून हलवा.

दोन्ही आजार असतील तर भूल देण्याआधी उपाशी ठेवण्याचा काळ डॉक्टरांशी बोलून कमी करून घ्या. प्रेडनिसोलोनने भूक आणि वजन वाढतं, त्याखाली स्नायूंची झीज झाकली जाते. म्हणून आठवड्यातून एकदा वजन करताना पाठीचा कणा हाताला टोचतोय का हेही नोंदवा.

नोकरीमुळे कॅलिफोर्नियात जायचं ठरत असेल, तर तिथे फेरेट पाळायला बंदी आहे. न्यूयॉर्क शहरातही आहे. औषधावर असलेल्या जनावराची सोय आधी लावावी लागेल. आणि तीन-चार आठवडे भारतात जाताना सांभाळणाऱ्याला एका कागदावर लिहून द्या: औषधांच्या दोन वेळा, किती मिलिलिटर आणि कोणत्या ताकदीच्या बाटलीतून, जेवणाच्या सहा वेळा, वजनाची शेवटची नोंद, रात्री उघड्या असलेल्या व्हेटचा फोन आणि खर्चाची आगाऊ संमती. मधाची बाटली आणि कापसाच्या काड्या पिंजऱ्यालाच बांधून ठेवा, आणि निघण्यापूर्वी एकदा त्यांच्या हातून सिरिंज भरून घ्या.